वरचे झोपले का?

कुवेतमध्ये वाद्यं मरतात ती बहुतेक गाडीत. म्हातारपणानं नाही, वाजवून वाजवून तर मुळीच नाही. मालक नवाकोरा ऊद, म्हणजे अरबांचं सतारीसारखं तंतुवाद्य, मागच्या सीटवर टाकतो, ‘आलोच’ म्हणून मॉलमध्ये शिरतो आणि बायकोच्या चपला घेऊन तासाभरानं बाहेर येतो. तोवर जुलैच्या उन्हात सरस पाघळलेला असतो आणि ऊदाच्या पोटानं पाठीशी काडीमोड घेतलेला असतो. मग तो माझ्याकडे येऊन म्हणतो, “हबीबी, याला काय झालं?”

“ऊन लागलं.”

“पण गाडीत एसी होता!”

“गाडीत कोण बसलं होतं?”

यावर तो मला उर्मट ठरवतो, वाद्य माझ्याकडे ठेवतो आणि आठवड्यानं परत येऊन माझाच हात हातात घेऊन दुवा देतो. हा माझा धंदा. सालमियातल्या एका वाद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी फुटकं जोडतो, सुटकं चिकटवतो, बेसूर झालेलं सुरात आणतो. आम्ही मूळचे मिरजेचे, भोपळ्याच्या आणि लाकडाच्या भुशात वाढलेले. इथं आलो तेव्हा जलीबच्या कामगारवस्तीत एका खोलीत इतकी माणसं होतो की कुशीवर वळायचं तर आधी ठराव पास करावा लागायचा. नंतर बायको-मुलगी आल्या, सालमियात फ्लॅट घेतला आणि मी ‘मिस्त्री’चा ‘इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन’ झालो. काम तेच.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. सलवा या श्रीमंत भागातली एक बाई होती. तिला पांढराच पियानो हवा होता, कारण सोफा पांढरा. तो तिनं बरोबर एसीच्या झोताखाली ठेवला आणि दर महिन्याला तक्रार की सूर उतरतो. मी म्हटलं, पियानो हलवा. ती म्हणाली, मग सोफा कुठं ठेवू? आणि आपली मराठी मंडळी? त्यांना मुलांसाठी व्हायोलिन हवं ते संगीतासाठी नव्हे. कुठं तरी वाचलेलं असतं की त्यानं मेंदू वाढतो. “गणितात फरक पडेल ना हो?” असं एका बापानं मला चक्क विचारलं. मी म्हटलं, पडेल की, गणिताला वेळच उरणार नाही.

पण आज सांगायचंय ते अबू रामींबद्दल.

अबू रामी म्हणजे रामीचे वडील. इकडे माणसाला मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे, तशी ते मला ‘अबू ईशा’ म्हणत, कारण माझी मुलगी ईशा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायची. ते इथल्या एका शाळेत संगीत शिकवायचे. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथलं ते सरकार गेलं असं म्हणतात, पण सरकारं कुठं कायमची जातात? आणि मला इकाम्यावर, म्हणजे इथल्या सरकारी परवान्यावर, इथंच राहायचंय. हसू नका, तुम्हीही लिहिलं नसतं.

एकदा ते आपला चेलो घेऊन दुकानात आले. चेलो म्हणजे मांडीशी धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आवाज घरातल्या समजूतदार काकांसारखा. “घोडी नवी बसव,” म्हणाले. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लाकडाची पट्टी. तारेचा थरथराट तिच्याच पायांतून पोटात उतरतो आणि मग आवाज होतो. घोडी दाबून धरली की वाद्याचा गळा दाबला. मी जुनी घोडी काढून पाहिली आणि चक्रावलो. वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी खड्डे पडले होते. उंदरांनी कुरतडावं तसे, पण सारख्या अंतरावर.

“हे काय केलंय?”

“चिमटे,” ते म्हणाले. “कपड्यांचे.”

मला वाटलं, म्हाताऱ्यानं चेलो दोरीवर वाळत घातला होता की काय! आमची बोलण्याची भाषा म्हणजे अरबी, हिंदी आणि इंग्रजीचा काला, म्हणून त्यांचं म्हणणं मी मराठीतच सांगतो.

त्यांच्या तारुण्यात तिकडे मोठा वाद्यवृंद सरकारचा होता. त्याला देशाच्या सर्वेसर्वा साहेबाच्या वाढदिवसाला वाजवायला कूच-गीतं लागायची आणि शेवट कायम विजयाचा. ज्याला दुसरं काही सुचायचं त्यानं ते घरात करायचं. म्हणून अबू रामींनी चौघांसाठी रचना लिहिली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जरा घोगऱ्या आवाजाची बहीण, आणि एक चेलो. चारच का? तर स्वयंपाकघरात चारच खुर्च्या मावत होत्या. आपल्याकडे घरगुती मैफल असते तसं हे खोलीतलं संगीत. फरक इतकाच की आपल्या मैफलीत दार उघडं असतं.

त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक मास्तर राहायचा. अतिशय सभ्य. ईदला मिठाई आणून द्यायचा, जिन्यात भेटला की आईची चौकशी करायचा. तो खबऱ्या आहे हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. म्हणून हे चौघे खिडक्या लावायचे, नळ सोडायचे, घोड्यांना चिमटे लावायचे आणि वाजवण्याआधी कुणीतरी पुटपुटायचं, “वरचे झोपले का?” उत्तर कुणालाच माहीत नसायचं. वर जाऊन विचारणार कोण? शेवटी रचनेचं नावच ते पडलं.

“मास्तर कधी म्हणाला नाही, आवाज येतो म्हणून?” मी विचारलं.

“कधीच नाही. तेच तर. एकदा जरी दारात येऊन म्हणाला असता, तर आम्ही बंद केलं असतं. तो तोंडावर हसायचा आणि कचेरीत जाऊन सांगायचा. चार माणसं रोज जमतात. एक दिवस व्हायोलावाल्याला घेऊन गेले. संगीताबद्दल त्याला काही विचारलंच नाही, असं त्याच्या कोठडीतून सुटलेला एकजण म्हणाला, फक्त जमता कशाला एवढंच.” मग म्हणाले, “तो परत आला नाही.”

मी घोडी हातात फिरवत राहिलो.

“आणि अबू ईशा, शेवटच्या भागावर मी लिहिलंय, पूर्ण जोरात. आम्ही पूर्ण जोरात वाजवायचो सुद्धा, चिमट्यांसकट! घाम निघायचा, आवाज निघायचा नाही. तो भाग मी लिहिलाय, पण अजून ऐकलेला नाही. शाळेनं आता निवृत्त केलंय. रामीनं कॅनडाचं तिकीट काढलंय. कान एक गेलाच आहे, दुसरा निरोप घेतोय. तेवढं एकदा ऐकायचंय. म्हणून म्हणतो, चिमटा कधी न पाहिलेली घोडी बसव.”

मी बसवली. आयुष्यात इतक्या मन लावून घोडी घासली नव्हती.

आता वाजवणारे. दुसरं व्हायोलिन ईशा. पहिलं जोएल, हा फिलिपिनो पोरगा एका हॉटेलच्या लॉबीत रोज प्रेमगीतं वाजवायचा आणि त्यांना इतका विटला होता की दुःखाचं काही वाजवायला मिळतंय म्हटल्यावर खूष झाला. व्हायोला हाला मॅडम, अबू रामींच्या शाळेतल्या इजिप्शियन बाई, शिस्तीच्या. तालमी त्यांच्या शाळेच्या खोलीत व्हायच्या, पण तिथं शेजारच्या वर्गांमुळे शेवटचा भाग दबक्या आवाजातच घ्यावा लागायचा. ईशा मला म्हणाली, “बाबा, it’s weird. आम्ही सगळे screaming like crazy, but in whispers.” मला तिचं इंग्रजी निम्मं कळतं, पण हे पूर्ण कळलं.

प्रश्न होता जागेचा आणि इथं मी गाढवपणा केला. आमच्या मराठी मंडळाकडे गेलो.

मंडळाचे अध्यक्ष पराग चौबळ. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं तुपात तळलेलं. मंडळाचा दिवाळीनंतरचा मोठा कार्यक्रम ठरत होता. त्यांच्या घरी बैठक भरली. बटाटेवडे उत्तम होते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं चांगलं बोलण्यासारखं फारसं नाही.

“वा, वा, शशिकांतजी! इंटरनॅशनल कंटेंट!” चौबळ म्हणाले. “हेच हवं होतं. फक्त एक. यात पॉलिटिकल काही नाही ना?”

“शब्दच नाहीत त्यात.”

“मग नाही हे कशावरून?”

मेधाताई, म्हणजे मंडळाच्या कायमच्या निवेदिका, यांनी ईशानं फोनवर केलेलं तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. दुसऱ्या भागाशी त्यांच्या कपाळावर आठी पडली. “अहो, इथं काहीच ऐकू येत नाहीये.”

“त्यात ते वाट बघतायत,” मी म्हटलं.

“कशाची?”

“वरचा झोपायची.”

“इश्श! दिवाळीच्या कार्यक्रमात हे कशाला? लोक नटूनथटून येतात हो.”

मग सूचनांची आतषबाजी सुरू झाली. दुसरा भाग गाळावा. एकूण लांबी दीपप्रज्वलनाएवढी ठेवावी. मागं तबला घालावा म्हणजे आपलं वाटेल. नाव नकारात्मक आहे, ते बदलून ‘आनंदलहरी’ करावं. आणि शेवट जरा जोशात, म्हणजे पाठोपाठ लेझीम घेता येईल. मी म्हटलं, शेवट जोशातच आहे, तेवढ्यासाठीच तर म्हातारा जीव धरून बसलाय. कुणाचं लक्ष नव्हतं, चटणी फिरत होती.

मला वाटलं, अबू रामी हे ऐकून चेलो माझ्या डोक्यात घालतील. ते शांत होते. “दुसरा भाग गाळा म्हणाले? गाळू. आनंद म्हणा म्हणाले? म्हणू. शेवटचा राहतोय ना?”

“तुम्हाला राग येत नाही?”

“आमच्याकडेही खात्याचा माणूस यायचा, शेवटी विजय घाला म्हणायचा. तुमच्यांनी निदान वडे दिले.”

कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात चौबळांचा मला फोन. आवाजात दुप्पट तूप. “शशिकांतजी, एक छोटीशी अडचण. आपले जे मुख्य प्रायोजक, त्यांचे काही व्यावसायिक संबंध त्या देशातल्या लोकांशी आहेत. म्हणजे कुणी काही म्हटलेलं नाही हं! कुणाचीही हरकत नाही. पण उद्या कुणी म्हटलं तर?”

“कोण म्हणणार?”

“कुणीच नाही. म्हणूनच आत्ताच टाळलेलं बरं. तुम्ही जरा त्यांच्या कानावर घाला ना. वेळेअभावी म्हणा.”

माझं टाळकं सटकलं. “चौबळसाहेब, तिकडे या गाण्याचा गळा दाबायला पोलीस लागले, कचेरी लागली, तुरुंग लागला. इथं तुम्ही एकटे पुरलात, तेही कुणी न सांगता. आता निदान एवढं करा. स्वतः फोन करा आणि त्यांना तोंडानं सांगा.”

“नक्की, नक्की, करतो,” चौबळ म्हणाले.

केला असता तर ते चौबळ कसले! दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं. पणत्या, तोरणं, प्रायोजकांचे चेहरे, आणि आमच्या चौघांच्या जागी ‘बालगोपाळांचा धमाल फिल्मी नृत्याविष्कार’. अबू रामी तेव्हा आमच्याच घरी ईशाला शिकवत होते. ईशानं पोस्टर पाहिलं आणि लपवायला गेली, पण तिच्या चेहऱ्यानं चहाडी केलीच. त्यांनी फोन मागून घेतला. मराठी त्यांना वाचता येईना, पण काय नाही ते बरोबर दिसलं.

“आमचं नाही,” म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. माझी मान वर होईना. माझ्याच माणसांनी मला लाज आणली होती.

“तुमचे लोक फार सभ्य आहेत, अबू ईशा.” त्यांनी फोन परत दिला. “आमचा मास्तरही होता.”

ते चेलोला खोळ घालायला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं. मी आपला रुमाल शोधतोय, ईशा रडायच्या बेतात, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको सुनंदा बाहेर आली. ही हिशेबनीस, तिला उधारीचं दुःख परवडत नाही.

“खुर्च्या किती लागतात?” तिनं विचारलं.

“चार.”

“चार आहेत आपल्याकडे. शुक्रवारी या म्हणावं सगळ्यांना. सोफा बेडरूममध्ये ढकलू. त्या चौबळांनाच हॉल लागतो, माणसांना लागत नाही.”

शुक्रवारी सकाळी सोफा ढकलला, खिडक्या सताड उघडल्या, शिरा झाला. जोएल हॉटेलच्या बो-टायसकट आला. हाला मॅडमनी पडदे, गालिचा, सगळं तपासलं आणि गालिचा काढायला लावला, कारण तो आवाज खातो. आमच्या खोलीतल्या वस्तूंबद्दल कुणी इतका विचार आजवर केला नव्हता.

पहिला भाग झाला. दुसरा, तो वाट बघण्याचा, कुणी गाळला नाही. चौघे एका स्वरावर थांबायचे आणि छताकडे कान द्यायचे, असं वाटायचं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी काही काटा येणाऱ्यांपैकी नव्हे. मग अबू रामींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, श्वास घेतला आणि शेवटचा भाग सुरू झाला. पूर्ण जोरात.

आणि छतावर धप्‌! धप्‌! धप्‌!

सगळे थांबले. अबू रामींचा हात तारांवर आवळला गेला. त्यांनी छताकडे नाही, दाराकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त इतक्या लवकर उतरतं हे मी तोवर फक्त ऐकून होतो. ते शेवटी एक सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते, सालमियात होते, शुक्रवार होता, शिरा होता. पण त्या क्षणी ते इथं नव्हतेच. जिन्यात पावलं वाजली. बेल वाजली.

मी दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर लिसी, केरळच्या नर्स. गाऊन, मोकळे केस, डोळे लालभडक.

“भैया, ये क्या है? नाइट ड्यूटी करके आयी मैं! अभी आँख लगा था! सुबह-सुबह बारात निकाला है क्या?”

मी ‘सॉरी सिस्टर’ म्हणतोय तोवर अबू रामी उठून माझ्या मागे आले. “सिस्टर, आवाज... वर येतो?”

“आता है क्या? अंकल, पलंग हिलता है मेरा!”

अबू रामींनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता पडतात. ते हसत होते. आधी नुसतेच खांदे, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. “अबू ईशा, ही स्वतः आली! दारात! माझ्याशी भांडायला!” सिस्टर लिसी बिचारी घाबरली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं, आणि तिचा हात आपोआप त्यांच्या मनगटावर नाडी बघायला गेला.

अबू रामींनी छातीवर हात ठेवून मान लववली. “मोठी चूक झाली, बेटी. तुम्ही कधी उठता?”

“तीन बजे.”

“आणि तीननंतर?”

“तीन के बाद छत तोड़ दो, मेरे को क्या!” म्हणून ती पाय आपटत वर गेली. सुनंदानं मागोमाग शिऱ्याची वाटी पाठवली.

तीनपर्यंत आम्ही थांबलो. कुजबुजत जेवलो. वरणभातावर अबू रामींनी लिंबू पिळलं आणि म्हणाले, “सगळं आयुष्य मी वरचा झोपण्याची वाट पाहिली. उठण्याची पाहतोय पहिल्यांदा.” जोएल बेडरूममधल्या सोफ्यावर बो-टाय लावूनच घोरला. मधे चौबळांचा मेसेज आला, कार्यक्रमाला सहकुटुंब अगत्य येण्याचा, खाली हात जोडलेले. मी फोन उशीखाली ठेवला.

तीन वाजले. चौघे खुर्च्यांवर बसले, सूर लावले. ईशानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि म्हणाली, “Uncle, start?”

“थांब,” ते म्हणाले. “आधी वर जा आणि विचार.”

“काय विचारू?”

अबू रामींनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं, आणि ती व्हायोलिन खुर्चीवर ठेवून पळाली. आम्ही दार उघडं ठेवलं होतं. जिन्यात तिच्या सपाता वाजल्या, बेल ऐकू आली, आणि मग तिचा आवाज, “सिस्टर आंटी, सो रहे हो क्या?”

अबू रामींनी डोळे मिटले होते, चेलोचा गज हवेत होता.

“उठ गयी!” वरून सिस्टर लिसी ओरडली. सबंध बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. “बजाओ, बजाओ! और दरवाज़ा खुला रखना!”

ईशा धापा टाकत खाली आली, बसली. अबू रामींनी डोळे उघडले, आणि गज तारांवर पूर्ण जोरात टेकवला. शोकेसमधले सुनंदाचे सगळे पेले किणकिणले. दाराबाहेर सिस्टर लिसी, हातात चहाचा कप घेऊन, आमच्या पायरीवर येऊन बसली.